की-बोर्डातल्या अक्षता

मिस, आज शनिवार आहे आणि माझी लेक पलंगावर पालथी पडून कॉलेजात गेली आहे. म्हणजे देह आमच्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्येच आहे, एक पाय हवेत हलतो आहे, हाताशी चकल्यांचा डबा आहे आणि समोरच्या टॅबलेटवर कुठल्याशा कॉलेजचे सर तिला पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा विषय शिकवताहेत. ती नववीत आहे. शाळेनंच नाव नोंदवून दिलं, यात पास झाली तर पुढं कॉलेजात तो विषय पुन्हा करावा लागणार नाही म्हणे. मघाशी मी दारातून डोकावले तर म्हणाली, "आई, तू का एवढी एक्साइट होतेयस? क्लास आहे फक्त." फक्त, म्हणे. मला हसूच आवरेना. तिला वाटलं आईचं काहीतरी बिनसलंय. मी आत आले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि स्वतःशीच म्हटलं, हे मिसना सांगितल्याशिवाय मला आज चैन पडायची नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तरी मला पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. आठवणारच. नववीतली मुलगी आणि कॉलेजचा वर्ग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार?

तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात. राजाजीनगरातली आपली मुलींची शाळा, वर्गात इंग्लिश, पटांगणात कन्नड, मराठी म्हणाल तर औषधालाही नाही. ती मी घरी सोडून यायचे, जेवणाच्या ताटासारखी. मग पहिल्याच चाचणीत मी वजाबाकीचं चिन्ह खाल्लं. तुम्ही पेपर घेऊन माझ्या बाकापाशी आलात, वाकलात आणि माझ्या कानाशी म्हणालात, "लक्ष कुठं असतंय गं तुझं, बावळट?" मी दचकून वर बघितलं. गणिताच्या मिसच्या तोंडून माझ्या आजीचा शब्द. तुम्ही बेळगावकडच्या, हे मला नंतर आईकडून कळलं. शाळेत तुम्ही शाबासकी कायम इंग्लिशमधून द्यायचात आणि बोलणी मराठीतून. 'व्हेरी गुड' सगळ्यांच्या वाट्याला यायचं, 'बावळट' फक्त माझ्या. मैत्रिणींना वाटायचं, मिस हिला कानात काहीतरी खास सांगतात. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

त्याच वर्षी शाळेत कॉम्प्युटर आले. नव्वदच्या दशकातले ते दिवस, रस्त्यावर जो तो कॉम्प्युटरबद्दल बोलायचा आणि बघितलेला मात्र कुणी नसायचा. आधीची शिवणवर्गाची खोली रिकामी करून तिथं एसी बसवला, जमिनीवर गालिचा घातला, आणि शिवणाच्या मिसनी युनिफॉर्मच्या उरलेल्या निळ्या चौकटीच्या कापडाची कव्हरं शिवली, त्यामुळे ती यंत्रं आमच्याच वर्गातल्या चार नव्या मुलींसारखी दिसायची. चपला दाराबाहेर काढायच्या. आत हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. आम्ही आत येण्याआधीच तुम्ही एकटीनं सगळी चालू करून ठेवलेली असायची, आणि आम्ही बाहेर पडलो की तुम्हीच बंद करून कव्हरं घालायचात. हेडमिसचा तसा दंडकच होता. एकेका यंत्राभोवती आमचा घोळका, एकीनं बोटं चालवायची आणि बाकीच्यांनी बघायचं. बोटं कुणी चालवायची ते हजेरीच्या क्रमानं ठरायचं. माझं नाव हजेरीत पार शेपटाला. माझी पाळी यायच्या आत घंटा व्हायची, दर वेळी. त्या घंटेचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू.

पण त्या खोलीत अडकलेली मी एकटी नव्हते. "गणिताचं माणूस आहे, जमेल," असं म्हणून हेडमिसनी ते काम तुमच्या गळ्यात घातलं होतं आणि तुम्हाला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. हे तुम्हीच आम्हाला पहिल्या तासाला सांगितलंत, अगदी सरळ. मधल्या सुट्टीत तुम्ही एका हातात डबा आणि एका हातात ते यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक घेऊन बसायचात आणि आमच्या एक पान पुढं असायचात. कधीकधी तेही नाही. "हे मला कळलेलं नाही," म्हणायचात, "शिकवायला कुणी भेटलं तर विचारून येते." कोण भेटणार होतं? शिकायची तुमची भूक आणि शिकवणारं कुणी नाही, हे आम्हा मुलींना रोज दिसायचं. आता मीही माणसांना शिकवते, ऑफिसात नवीन येणाऱ्यांना. 'मला कळलेलं नाही' हे वाक्य म्हणायला किती छाती लागते ते मला आत्ता कळतं.

यंत्र हाताशी येत नाही म्हटल्यावर तुम्ही आम्हालाच यंत्र केलंत. शाळेमागच्या होंगेच्या झाडाखाली, म्हणजे आपला करंजच तो, तिथं आमच्या हातात पाट्या दिल्यात. एकीच्या पाटीवर 'एन', म्हणजे जी संख्या तपासायची ती. दुसरी 'आय', म्हणजे भागणारी. संख्येला आयनं भागायचं, बाकी शून्य आली तर ती मूळ संख्या नाही, खेळ खलास. बाकी उरली तर आयनं पाटी पुसायची, एकानं मोठी संख्या लिहायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही मध्ये उभ्या राहून ओळींचे नंबर ओरडायचात आणि ज्या ओळीची मुलगी असेल तिनं हुकूम पाळायचा. तो खेळ आठवला की अजून माझे पाय शिवशिवतात. मी कायम आय. दोनावर सुरू, पुसा, तीन, पुसा, चार. व्हरांड्यातून वरच्या वर्गातल्या मुली बघायच्या, आम्हाला वेड लागलंय म्हणायच्या. तेरा आकडा आला तेव्हा मी पुसत पुसत थेट बारापर्यंत गेले, सगळ्या जणी श्वास रोखून उभ्या, आणि मग उत्तर सांगणारी 'प्रिंट'ची मुलगी अशी किंचाळली की हेडमिस खिडकीत आल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "मॅडम, इट इज रनिंग." आणि खरंच, यंत्रात त्या आठवड्यात काहीसुद्धा चाललं नव्हतं, झाडाखाली चाललं होतं.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आली. बंगळूरात त्या दिवशी काय काय सजतं ते मी तुम्हाला काय सांगू. बसला केळीचे खांब, रिक्षाला झेंडूच्या माळा, लेथ मशीनला कुंकू, फुटलेले कोहळे जागोजाग. शाळेतलं सगळ्यात महागडं आयुध म्हणजे कॉम्प्युटर, तेव्हा पूजा त्यांची आधी. हेडमिसचं म्हणणं, कव्हर घालून कसली पूजा, देवाचं तोंड झाकतं का कुणी? कव्हरं निघाली. मॉनिटरला हळदकुंकवाचे पट्टे, वर माळा, उदबत्तीच्या धुरानं खोली भरलेली, आणि मग एकामागून एक वर्ग रांगेनं आत. प्रत्येकीच्या चिमटीत कुंकवात भिजवलेल्या अक्षता. आख्खी शाळा, मिस. प्रत्येक मुलीनं भक्तिभावानं त्या अक्षता वाहिल्या, त्या बरोब्बर की-बोर्डावर. त्या दिवशी हजेरीचा क्रम नव्हता, म्हणून मी तर दोनदा रांगेत उभी राहिले. तुम्ही कोपऱ्यात उभ्या होता आणि तुमचा चेहरा मला अजून दिसतो. बोलताही येईना आणि बघवेनाही.

सुट्टीनंतर तुम्ही एक की दाबलीत आणि आतून कुर्रर असा आवाज आला. दुसरी दाबली, ती खालीच बसली. स्पेस बार तर दगड झाला होता. हेडमिस म्हणाल्या, कंपनीचा माणूस येईपर्यंत खोलीला कुलूप. तो माणूस कधी येणार ते देवाला माहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही मला खूण केलीत. मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी चिन्ह खाल्लं. तर तुम्ही तुमच्या पर्समधून एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढलात, आदल्या संध्याकाळी चिकपेटच्या बाजारात जाऊन आणलेला, आणि म्हणालात, "तुझी बोटं बारीक आहेत. चल की, बघू या काय होतंय ते." मी विचारलं, मोडलं तर? तुम्ही म्हणालात, "तार कुठून येते ते आधी बघ, मग बोट लाव. मग काही मोडत नाही." आणि दाराला आतून कडी घातलीत.

ती दुपार. माझा हात पहिल्यांदा कॉम्प्युटरला लागला तो असा, उलट्या बाजूनं. मी एकेक की उचकटत गेले आणि खाली लालसर तांदूळ दिसत गेले, काही फुगलेले, काही चिकटलेले, एका ठिकाणी झेंडूची पाकळी. वेणीतली पिन काढून मी ते कोरून काढले. तुम्ही शेजारी बसून फुंकर मारायचात आणि आपण दोघी शिंकायचो. सगळ्या की निघाल्या आणि ताटलीत ढीग झाला, तेव्हा आपल्या लक्षात आलं की कुठली कुठं बसवायची ते कुणीच लक्षात ठेवलेलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. शेजारच्या यंत्राकडं बघून लावल्या, मग तुम्ही म्हणालात, "आता दुसऱ्याच्या काढ, आणि न बघता लाव." असं करत चारही झाले. शेवटच्याला मी कुठंच बघितलं नाही. हजेरीत शेवटी असलेल्या मुलीला आख्ख्या शाळेत सगळ्यात पक्कं ठाऊक झालं की कोणतं अक्षर कुणाच्या शेजारी राहतं. हेडमिसना आपण काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण कंपनीच्या माणसाची वाट मग कुणी बघितली नाही.

थंडीच्या दिवसांत तुम्ही आमच्या घरी आलात. बाबा फॅक्टरीत होते, आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अवरेकाई सोलत होती. इथं राहून आमच्या घरात पावट्याची जागा त्या शेंगांनी कधीच घेतली होती. तुम्ही काही विचारलं नाहीत, पदर खोचलात, फतकल मारलीत आणि मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्यात. मग सांगितलंत. एका इंजिनिअरिंग कॉलेजनं ठरवलं होतं की शाळांतल्या थोड्या मुलांना पहिल्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या विषयाला बसू द्यायचं, दर शनिवारी दुपारी, कॉलेजच्या मुलांबरोबर. एका शाळेतून एकच. आधी तिथल्या यंत्रावर परीक्षा, प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवायचा. तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आई म्हणाली, "बाई, एवढाल्या घोड्यांत ही एकटी बसणार? नववीतली पोर?" तुम्ही म्हणालात, "एकटी कशी, वहिनी? मी आहे की." आणि मग शेंगेकडं बघत, "निवडलेल्या मुलीबरोबर तिच्या शिक्षकांनाही बसता येतं म्हणाले. हिला जागा मिळाली तर मला मिळते. नाहीतर मला कोण शिकवणार आहे?"

आईनं शेंगांची टोपली पुढं ओढली. मिसना हवं असलेलं काहीतरी माझ्या हातात आहे, ही कल्पनाच मला झेपेना. आई भाजीवाल्याशी कन्नडमधून बोलायची त्या सुरात म्हणाली, "स्वल्प विचार करून सांगते, बाई." तुम्ही म्हणालात, "करा की. तोवर मी सोलते." आणि खरंच सोलत बसलात. शेंगा संपल्या, तुम्ही उठायचं नाव घेईनात, दाणे दाबून सालं काढायला सुरुवात केलीत. शेवटी आईला हसू फुटलं. "सरी, सरी, बरं बाई," ती म्हणाली, "जाऊ दे तिला. पण जेवून जा आता." बाबा आले तेव्हा तुम्ही आमच्या पाटावर बसून आमटी ओरपत होता आणि त्यांना वाटलं, आईच्या माहेरचं कुणीतरी आलंय.

परीक्षेचा शनिवार. कॉलेजचा जिना चढताना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या आहात हे मला दिसतंय, कारण तुम्ही मला एकदाही बावळट म्हटलेलं नाही. लॅबच्या काचेच्या दाराबाहेर आपण दोघींनी चपला काढल्या. बाकीची मुलं बुटांसकट आत गेली, ते बघून मला वाटलं, काय अडाणी आहेत. तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मी आत गेले, नेमून दिलेल्या जागी उभी राहिले. लॅबचे सर फळ्यावर लिहू लागले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला आनंदानं अशी काही उडी मारावीशी वाटली की सांगता सोय नाही. दिलेली संख्या मूळ आहे का ते सांगणारा प्रोग्रॅम. म्हणजे मी. म्हणजे आय. झाडाखाली दोनापासून पुसत पुसत बारापर्यंत गेलेली मी. मी काचेतून तुमच्याकडं बघून इतकी हसले की तुम्हालाही कळलं, काहीतरी आपलंच आलंय. सर म्हणाले, स्टार्ट. माझ्या डाव्या बाजूला उजेड पडला, उजव्या बाजूला उजेड पडला, सगळ्या लॅबमध्ये गुणगुण सुरू झाली. माझ्यासमोरचा पडदा काळा.

मी हात पाठीमागं बांधून उभी राहिले. मनात एकच, आता कुणीतरी येऊन चालू करतील. कॉलेजच्या असतील तिथल्या मिस. आख्ख्या की-बोर्डाची मला नसन् नस ठाऊक, प्रोग्रॅम माझ्या अंगात भिनलेला, आणि ते डबडं चालू कुठून करतात हे मी आयुष्यात बघितलेलं नव्हतं. शाळेत आम्ही आत शिरायचो तेव्हा उजेड पडलेलाच असायचा. शेजारची मुलं टकाटका बोटं मारताहेत, आणि मी रांगेतल्यासारखी उभी. तुम्ही काचेपलीकडून आधी मान हलवून 'लिही की' म्हणालात. मग तुमच्या लक्षात आलं. तुमचा हात तोंडावर गेला. तुम्ही दार ढकललंत, दारावरच्या माणसानं तुम्हाला अडवलं. मी बघत होते, मिस, तुमच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. आपल्या दोघींचे पुढचे सगळे शनिवार त्या काळ्या पडद्यात चालले होते. मग तुम्ही काचेवर बोट टेकवलंत आणि वरून खाली एक रेघ ओढलीत. पुन्हा ओढलीत. तिसऱ्यांदा ओढलीत तेव्हा माझी ट्यूब पेटली. तार. तार कुठून येते ते आधी बघ.

मी टेबलाखाली शिरले. भिंतीतून एक वायर निघत होती, ती एका ठोकळ्यात शिरत होती, ठोकळ्याचं बटण मला बोटानं सापडलं, लाल दिवा लागला. तिथून दुसरी वायर मोठ्या खोक्याच्या पाठीत. मी पाठ चाचपली आणि एक जाडा खटका हाताला लागला. दाबला. पोटात पंखा फिरायला लागला आणि ते खोकं 'पीं' करून बोललं. मिस, त्या आवाजासारखा आवाज मी नंतर ऐकलेला नाही. माझी लेक जन्मली तेव्हा रडली, तो आवाज त्याच्या खालोखाल धरा, आणि हे तिला सांगू नका. वरून सरांचा आवाज आला, "एनम्मा, एल्लि होदे?" अगं, गेलीस कुठं? मी उठायला गेले, डोकं टेबलाला आपटलं. पडदा अजून काळाच होता, पण आता मला त्यांची खोड कळली होती, त्याचंही स्वतःचं बटण असणार. होतंच. मग मी बसले आणि लिहीत सुटले. अक्षरं आपापल्या घरी होती, मीच तर त्यांना बसवलेलं. वेळ संपल्याचं सांगत सर रांगेतून येत होते आणि मी शेवटची ओळ पुरी करत होते.

त्यांनी माझ्या यंत्रात एक संख्या घातली, उत्तर बरोबर आलं. दुसरी घातली, बरोबर आलं. मग त्यांनी विचारलं, टेबलाखाली काय चाललं होतं? मी म्हटलं, "सर, आमच्या शाळेत मिस चालू करतात." ते माझ्या अनवाणी पायांकडं बघत राहिले, मग काचेच्या दाराकडं, तिथं तुम्ही दोघींच्या चपला छातीशी धरून उभ्या होता. आणि मला काय झालं कोण जाणे, मी न विचारताच बोलून गेले, "सर, त्यांनापण शिकायचंय. मला मिळालं तरच त्यांना मिळणार आहे." सरांनी स्वतः जाऊन दार उघडलं. तुम्हाला नमस्कार केला आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी दोघी या. आणि चपला घालून या."

जिना उतरून खाली आल्यावर तुम्ही कपाळावर हात मारून म्हणालात, "बावळट मी की गं. सगळं शिकवलं आणि चालू करायला नाही शिकवलं." तुम्ही खरंच रडकुंडीला आला होता. मग माझ्या डोक्याला आलेलं टेंगूळ चोळलंत आणि म्हणालात, "छान केलंस हो. फार छान केलंस." शाबासकी, मराठीत. तोवर कधी मिळाली नव्हती. मला ती इतकी अनोळखी वाटली की मी थँक यू मिस म्हणाले. समोरच्या दर्शिनीत, उभ्यानंच खायच्या त्या हॉटेलात, तुम्ही मला केसरीभात, म्हणजे शिराच, खाऊ घातलात आणि स्वतः दोन खाल्लेत.

सोमवारी तुम्ही आमच्या वर्गाला घेऊन खोलीत गेलात, तेव्हा आत अंधार होता. यंत्रं बंद, कव्हरांत. आम्ही बुजून दारातच उभ्या. तुम्ही म्हणालात, आजपासून चालू तुम्ही करायचं, रोज वेगळीनं, आणि सुरुवात हजेरीच्या शेवटापासून. हेडमिसना तुम्ही कसं पटवलंत ते देव जाणे, तिथंही काहीतरी सोलत बसला असाल. मी भिंतीवरचं बटण, स्टॅबिलायझर, खोकं, पडदा असं करत गेले आणि मागून मुलींनी टाळ्या वाजवल्या. "पण बंद मी करणार," तुम्ही म्हणालात. कुणीतरी विचारलं, का? तर म्हणालात, चालू करताना चुकलं तर काही जात नाही. बंद करताना चुकलं तर केलेलं सगळं जातं. त्याला माणूस जागेवर पाहिजे. शाळा सोडेपर्यंत ते तसंच चाललं, चालू आम्ही, बंद तुम्ही.

आणि मग आपले शनिवार, मिस. मागच्या बाकावर मी युनिफॉर्ममध्ये, शेजारी तुम्ही सुती साडीत, पुढं सगळी दाढीमिशा फुटलेली मुलं. ती तुम्हाला आधी परीक्षक समजली, मग अक्का म्हणायला लागली. तुम्हाला काही अडलं की तुम्ही कोपरानं ढोसायचात, "तू विचार की गं, मी विचारलं तर बरं दिसत नाही." मी हात वर करायचे. सरांना वाटायचं, ही नववीतली मुलगी फारच खोल शंका काढते. एकदा मला कळलेलं तुम्हाला कळेना आणि मी वैतागून म्हटलं, "लक्ष कुठं आहे तुमचं?" जीभ चावली. तुम्ही तोंडाला पदर लावून हसत राहिलात, सर बघेपर्यंत. शेवटच्या परीक्षेत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले आणि त्या संध्याकाळी शाळेपर्यंत तुम्ही अक्षरशः उड्या मारत चाललात, चाळिशी ओलांडलेली बाई. एवढं आनंदी माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आईनं माझे परीक्षेचे पेपर झाल्यावर सांगितलं. मी तेव्हा रडले की नाही तेही नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की लॅबमध्ये जाऊन मी सगळी यंत्रं चालू केली आणि नुसती बसले. तुमची आठवण येते, मिस. फार येते.

मघाशी तिच्या वर्गाला मधली सुट्टी झाली तेव्हा लेकीला अक्षतांची गोष्ट सांगितली. ती हसून हसून लोळली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "म्हणजे तुला टच करायलाच एवढे महिने लागले? आणि तुझी मिस तुझी क्लासमेट? आई, लकी आहेस यार." मी म्हटलं, आहेच. आता तिचा वर्ग संपला आहे, ती चकल्यांचा रिकामा डबा घेऊन इथं येऊन उभी आहे आणि माझ्या लॅपटॉपकडं बघून तिचं नेहमीचं सुरू झालंय. आई, हा कधी शट डाउन करतेस की नाही? ऑफिसातलेही हेच ओरडतात, मशीन स्लो होतं, रोज बंद करत जा. मी सगळ्यांना सांगते, कामं अर्धवट असतात, उघडी राहू द्या. ते खोटं आहे. हे पत्र कुठं जाणार नाही म्हणून तुम्हाला खरं सांगते. मला चालू करायला तुम्ही शिकवलंत. बंद करणं तुमच्याकडं होतं, आणि तुमच्यानंतर ते मी अजून माझ्याकडं घेतलेलं नाही. लेकीला भूक लागलीय, मी उठते. हे असंच उघडं ठेवते, मिस.